काचेच्या पेटीतील समुद्र

सायंकाळची वेळ. दिवाणखान्यातील एका भिंतीशी चार फूट लांबीची काचेची पेटी ठेवलेली आहे. तिच्यात समुद्रासारखे खारे पाणी भरलेले असून वरून निळसर दिव्याचा प्रकाश पडत आहे. तळाशी पांढरी वाळू, वाळूवर खडकांची लहानशी टेकडी आणि त्या टेकडीभोवती फिरणारे पाचसहा मासे. एकाच्या नारिंगी अंगावर पांढरे पट्टे आहेत, दुसरा हळदीसारखा पिवळा आहे, तर तिसरा गर्द निळा. पाहुणा येतो, पेटीसमोर क्षणभर थबकतो आणि म्हणतो, "किती शांत आहे हे जग!"

परंतु जो तेथे अर्धा तास बसून पाहील, त्याला हे जग तितकेसे शांत वाटणार नाही. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात, नळीच्या मागे, एक मासा अंग चोरून उभा आहे. त्याच्या अंगाचा पुढचा भाग मोत्यासारखा पांढरा व मागचा निखाऱ्यासारखा लाल आहे. पाठीवर काठीसारखा उंच, नाजूक पर आहे. या माशाला 'फायरफिश' म्हणतात. दोनच दिवसांपूर्वी तो या पेटीत आला. आता त्याच्या शेपटीची कड फाटली आहे. भूक लागली म्हणून तो खाली उतरू पाहतो, तोच टेकडीतील एका बिळातून बोटाएवढा निळा मासा बाणासारखा सुटतो आणि त्याला पुन्हा कोपऱ्यात पिटाळतो. या निळ्या माशाचे नाव 'डॅमसेल'. तो या पेटीत सर्वांच्या आधी आला होता.

रात्री दिवा मालवला जातो. सकाळी घरातील मुले उठून पाहतात, तो पेटीखालच्या फरशीवर फायरफिश निपचित पडलेला असतो. पाण्यात थारा मिळेना, म्हणून त्याने पाण्याबाहेर उडी घेतली होती.

खाऱ्या पाण्याची पेटी ज्यांच्या घरी असते, त्यांच्यापैकी अनेकांना असा प्रसंग कधी ना कधी पाहावा लागतो. मुले हळहळतात, रागावतात आणि म्हणतात, "हा निळा मासा दुष्ट आहे!" त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण त्यांचा निवाडा बरोबर आहे काय? निवाडा करण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकावे, असे शहाणी माणसे सांगतात. माशाला वाणी नाही. त्याचे म्हणणे ऐकायचे, तर त्याच्या मूळ घरी गेले पाहिजे.

ते मूळ घर म्हणजे उष्ण प्रदेशातील समुद्रांत वाढणारी प्रवाळांची रांग. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात या ठिकाणी भारताच्या समुद्रातही अशा रांगा आहेत. सूक्ष्म प्रवाळजीवांच्या चुनखडीच्या सांगाड्यांतून हजारो वर्षांत हे खडक तयार होतात. त्यांत असंख्य भोके, कपारी, कमानी आणि भुयारे असतात. एखाद्या जुन्या शहरातील दाट वस्तीसारखी ही वस्ती असते. येथे घर मिळवणे कठीण, आणि मिळालेले घर राखणे त्याहून कठीण.

डॅमसेलच्या कुळातील काही जाती तर तेथे चक्क शेती करतात. खडकावरील एखाद्या चटईएवढ्या जागेत त्या शेवाळ वाढवतात. नको असलेले शेवाळ तोंडाने उपटून त्या दूर टाकतात आणि हव्या त्या शेवाळाची राखण करतात. कोणी शेवाळ खाणारा मासा त्या शेताकडे वळला, की तो आपल्यापेक्षा कितीतरी पट मोठा असला तरी त्याच्यावर चालून जातात. पाण्यात बुडी मारून पाहणी करणाऱ्या माणसांनाही या चिमुकल्या शेतकऱ्यांनी टोचल्याचे अनुभव आहेत. याच कुळातील 'सार्जंट मेजर' नावाचा पट्टेदार नर खडकाला चिकटवलेल्या अंड्यांजवळ पिले बाहेर पडेपर्यंत पहारा करतो. त्या वेळी तो पहारा सोडून स्वस्थ बसला, तर सारी अंडी इतरांच्या पोटात जातील. शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला किंवा पिलांसाठी अंगावर धावून येणाऱ्या कोंबडीला कोणी दुष्ट म्हणत नाही. मग या माशाला तरी का म्हणावे?

समुद्रातील भांडणे पाहिली, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ती बहुधा रक्त सांडेपर्यंत जात नाहीत. दोन मासे समोरासमोर येतात. दोघेही पर ताठ उभारून आपला आकार मोठा करून दाखवतात. कोणी अंगाचा रंग गडद करतो, तर कोणी शेपटीचा तडाखा देऊन पाण्याची लाट प्रतिस्पर्ध्यावर ढकलतो. एवढ्यावरच बहुधा निकाल लागतो. ज्याला आपले बळ कमी वाटते, तो वळून पळू लागतो. जिंकणारा थोडे अंतर त्याचा पाठलाग करतो आणि आपल्या हद्दीच्या टोकाशी येताच मागे फिरतो. हरलेल्याला जीव वाचवता येतो, आणि जिंकलेल्याला आपल्या बिळाकडे परतता येते. असे हे भांडण थोडक्यात मिटते. मात्र ते मिटण्यासाठी एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे हरलेल्याला पळून जाण्याची वाट.

'हद्द' ही गोष्ट माशाच्या मनात किती खोल रुजलेली असते, हे निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने एका साध्या प्रयोगाने दाखवले. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील गोड्या व खाऱ्या पाण्यांत स्टिकलबॅक नावाचा लहानसा मासा राहतो. वसंत ऋतूत त्याच्या नराचे पोट लाल होते. तो तळाशी घरटे बांधतो आणि त्याच्या आसपास दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. टिनबर्गनने एकाच पेटीत घरटी बांधून राहिलेले दोन नर घेतले. पेटीची एक बाजू पहिल्याची होती आणि दुसरी बाजू दुसऱ्याची. त्याने प्रत्येकाला एकेका काचेच्या नळीत ठेवले आणि दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या. तेव्हा पहिला नर काचेतूनच हल्ला करू लागला आणि दुसरा पळण्यासाठी धडपडू लागला. मग त्याने त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या. काय नवल! आता दुसरा शूर झाला आणि पहिला भित्रा. मासे तेच होते आणि त्यांचे बळही तेवढेच होते. बदलली होती ती फक्त जागा.

या प्रयोगावरून एक मोठी गोष्ट कळते. शौर्य किंवा भीती ही केवळ माशाच्या अंगी नसते. तो कोठे उभा आहे, यावरही ती अवलंबून असते. आपल्या घरात लहान मासाही सिंह होतो आणि परक्याच्या घरात मोठा मासाही बिचकतो.

मासे कोणाशी अधिक भांडतात, हा प्रश्न ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी अभ्यासला. फ्लॉरिडाच्या समुद्रात बुडी मारून त्यांनी प्रवाळांतील मासे न्याहाळले आणि काचेच्या पेट्यांतही ते पाळून पाहिले. त्यांना असे आढळले, की मासा सर्वांत त्वेषाने तुटून पडतो तो आपल्याच जातीच्या माशावर. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात त्यांनी हे निरीक्षण मांडले. याचे कारण उघड आहे. जो आपल्याच जातीचा, त्याला तेच अन्न हवे असते, तसेच बीळ हवे असते आणि जोडीदारही त्याच जातीचा हवा असतो. त्याच्याइतका जवळचा प्रतिस्पर्धी दुसरा कोण असणार? माशांचे भडक रंग म्हणजे 'ही जागा माझी' असे सांगणारे झेंडेच होत, असा तर्कही लोरेन्झ यांनी केला होता. पुढील अभ्यासकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. रंगांचे इतरही अनेक उपयोग असतात, असे त्यांना दिसून आले. शिवाय जात निराळी असली तरी आकार, रंग किंवा आहार सारखा असेल, तर तेथेही भांडण होते, हेही त्यांनी दाखवले. शास्त्र असेच पुढे जाते. निरीक्षण टिकते, तर्क तपासला जातो. टिनबर्गन, लोरेन्झ आणि मधमाश्यांचा अभ्यास करणारे कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वच मासे एकमेकांपासून दूर राहून शांतता राखतात, असे मात्र नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असणारा क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा, समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्भयपणे राहतो. एका समुद्रफुलात कित्येकदा पाचसहा मासे एकत्र नांदतात. त्यांच्यात मानाची उतरंड असते. सर्वांत मोठी मादी असते, तिच्या खालोखाल तिचा जोडीदार नर आणि त्यानंतर क्रमाने लहान होत गेलेले इतर मासे. पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात या उतरंडीचा अभ्यास करून २००३ मध्ये एक आश्चर्यकारक गोष्ट प्रसिद्ध केली. खालच्या पायरीवरील मासा आपली वाढ अशी आवरून धरतो, की तो वरच्या माशाच्या बरोबरीला कधी येत नाही. बरोबरीला आला, तर वरचा मासा त्याला स्पर्धक समजून घराबाहेर हाकलील. समुद्रफुलाबाहेर पडलेल्या लहानग्याला तर मृत्यूच गाठतो. मादी मरण पावली, म्हणजे तिचा जोडीदार मादी होतो आणि प्रत्येक मासा एकेक पायरी वर चढतो. येथे शांतता टिकते ती प्रत्येकाने आपली पायरी ओळखल्यामुळे.

आता पुन्हा त्या काचेच्या पेटीकडे वळले पाहिजे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्राकाठच्या त्या शहरातील अनेक मुलांना समुद्राच्या पोटातील जग प्रथमच काचेआडून दिसले. असे जग आपल्या घरीही असावे, असे कोणालाही वाटेल. पण सार्वजनिक मत्स्यालयात प्रशस्त हौद असतात आणि सांभाळ करणारी जाणती माणसे असतात. घरातील पेटी किती मोठी असते? १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर उंच अशी पेटी काठोकाठ भरली, तर तिच्यात २७० लिटर पाणी मावते. दिवाणखान्यात ही पेटी भली मोठी दिसते. माशाच्या दृष्टीने मात्र ती एका उडीत संपणारी खोली आहे.

समुद्रात भांडणात हरलेला मासा पळतो आणि दिसेनासा होतो. तो दिसेनासा झाला, की जिंकणाऱ्याचा राग शमतो. पेटीत हरलेला मासा पळतो, पण काचेला जाऊन थटतो. तो समोर दिसतच राहतो. जिंकणाऱ्या माशाला वाटते, हा अजून हटत नाही, म्हणजे याला अजून भांडायचेच आहे. म्हणून तो पुन्हा धावतो, पुन्हा चावतो. जे भांडण समुद्रात थोडक्यात मिटले असते, ते पेटीत दिवसेंदिवस चालते. छळ सोसणारा मासा खात नाही, त्याचा रंग फिका पडतो, श्वास जलद चालतो आणि अंगातील प्रतिकारशक्ती खालावते. मग एखादा रोग त्याला सहज ग्रासतो. कधी तो फायरफिशप्रमाणे पेटीबाहेर उडी घेतो.

तेव्हा निवाडा असा, की दोष त्या निळ्या माशाचा नाही. तो समुद्रात जसा वागला असता, तसाच पेटीत वागला. पळून जाण्याची वाट बंद झाली ती काचेमुळे, आणि काच माणसाने उभी केली. ज्याने एक वाट बंद केली, त्यानेच दुसऱ्या रूपाने ती उघडून दिली पाहिजे. ही जबाबदारी ओळखणे म्हणजेच मासे पाळण्याची खरी विद्या.

या विद्येचा पहिला पाठ मासे घरी आणण्यापूर्वीच सुरू होतो. कोणता मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, काय खातो, त्याचा स्वभाव कसा, हे आधी जाणून घ्यावे. लहान पेटीत एकाच जातीचे दोन भांडखोर मासे ठेवू नयेत. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही अंगांना शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असतो. अशा दोन माशांची झुंज लहान जागेत एकाच्या जिवावर बेतू शकते. क्लाऊनफिशची जोडी आणायची, तर एक मोठा व एक लहान असा निवडावा. दोघांत कोण थोरला, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असले, म्हणजे भांडणाचे मूळच उरत नाही. डॅमसेल स्वस्त असतो, काटक असतो, म्हणून अनेकजण तो सर्वांच्या आधी आणतात. हीच मोठी चूक होय. शांत स्वभावाचे मासे आधी सोडावेत, त्यांना आपापल्या जागा सापडू द्याव्यात आणि भांडखोर मासा सर्वांच्या शेवटी आणावा. रेल्वेच्या डब्यात आधी चढलेला उतारू मागाहून येणाऱ्याला "पुढे जागा नाही" म्हणून सांगतो. शेवटी चढणाऱ्याला मात्र असे म्हणता येत नाही, मिळेल तेथे बसावे लागते. तोच न्याय येथे लागू पडतो.

दुसरा पाठ टेकडीच्या रचनेचा. खडकांची एकच भिंत उभी केली, तर ती सारी एकाच माशाची होऊन बसते. त्याऐवजी दोनतीन वेगळ्या टेकड्या कराव्यात. त्यांत बिळे आणि कपारी ठेवाव्यात. शक्य तेथे बिळाला दोन तोंडे असावीत, म्हणजे आत शिरलेला मासा दुसरीकडून बाहेर पडू शकतो. टेकड्यांची मांडणी अशी असावी, की पेटीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सारखा दिसू नये. समुद्रात जे काम अंतर करते, ते पेटीत आडोसा करतो. आणि पेटीवर बारीक जाळीचे झाकण असलेच पाहिजे. हे एवढे झाकण असते, तर फायरफिशला फरशीवर मरण आले नसते.

टेकडीसाठी समुद्रातून प्रवाळ तोडून आणू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे. माणसाने तयार केलेल्या कृत्रिम दगडांनीही उत्तम टेकडी रचता येते. तसेच केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास टाक्यांत करून दाखवली आहे. अशी टाकीत वाढलेली पिले मिळाली, तर समुद्रातील वस्ती उजाड करण्याचे कारण उरत नाही.

तिसरा पाठ नव्या माशाच्या स्वागताचा. परका मासा एकदम पेटीत सोडला, तर जुने रहिवासी त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून त्याला प्रथम काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. मग मोठ्या पेटीतच एक पारदर्शक, भोके असलेली डबी अडकवून तिच्यात त्याला काही दिवस ठेवावे. जुने मासे येतात, डबीवर तोंड आपटतात, पर उभारतात. पण त्याला इजा करू शकत नाहीत. हळूहळू त्यांना त्याची सवय होते. डबीजवळ कोणी फिरकेनासे झाले, की त्याला बाहेर सोडावे. त्या वेळी दिवे मंद करावेत आणि जुन्या माशांना दुसऱ्या टोकाला खाऊ घालावे, म्हणजे नव्याला बीळ शोधण्यास सवड मिळते.

टिनबर्गनचा प्रयोग ज्याच्या ध्यानात राहिला असेल, त्याला आणखी एक युक्ती सहज सुचेल. नवा मासा सोडण्यापूर्वी खडकांची मांडणीच बदलून टाकावी. जुनी हद्द मोडली, जुने बीळ हरवले, की धाकदपटशा करणारा मासाही क्षणभर पाहुणा होतो. मग सर्वांनाच नव्याने घर शोधावे लागते. जो आता स्वतःच घर शोधत आहे, त्याला दुसऱ्याच्या मागे लागण्यास वेळ कोठून मिळणार?

काहीजण आरशाचाही उपयोग करतात. पेटीच्या काचेला बाहेरून लहानसा आरसा टेकवून ठेवला, की भांडखोर मासा आपल्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून त्याच्यावर धावत राहतो. तेवढ्यात नवागताला पेटीची ओळख होते. मात्र हा खेळ थोडाच वेळ चालवावा. काचेतला शत्रू कधी हरत नाही, आणि त्याच्याशी दिवसभर झुंजणारा मासा विनाकारण थकून जातो.

चौथा पाठ अन्नाचा. उपाशी मासा अधिक भांडतो. दिवसातून एकदाच मूठभर अन्न टाकण्यापेक्षा ते थोडेथोडे, दोनतीन वेळा आणि पेटीच्या दोन टोकांना द्यावे. शेवाळ खाणाऱ्यांसाठी वाळलेल्या शेवाळाचे तुकडे दोन ठिकाणी अडकवावेत. एकच पान असले, की बळकट मासा त्याच्यावर पहारा देतो. दोन ठिकाणी पाने असली, की एका वेळी दोन्हीकडे पहारा देणे त्याला जमत नाही. मात्र उरलेले अन्न पाण्यात कुजून पाणी दूषित होऊ देऊ नये.

एवढे करूनही एखादा मासा ऐकत नाही. तेव्हा ज्याला मार बसतो त्याला नव्हे, तर जो मारतो त्याला काही दिवस वेगळ्या पेटीत ठेवावे. तो दूर असताना इतर मासे आपापल्या जागी स्थिर होतात. परत आल्यावर तो मालक राहत नाही, नवागत होतो. कित्येकदा एवढ्याने त्याचा ताठा उतरतो. तरीही जमले नाही, तर अशा माशाला कायमचे वेगळे ठेवावे किंवा ज्याच्याकडून आणला त्याला परत द्यावे. काही जोड्या कोणत्याच युक्तीने एकत्र नांदत नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पण कंटाळून तो मासा समुद्रात सोडून देणे, हा उपाय कधीही करू नये. लायनफिश हा विषारी काट्यांचा, देखणा मासा हिंदी व पॅसिफिक महासागरांचा रहिवासी. १९८५ मध्ये तो अटलांटिक महासागरात, फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. कोणाच्या तरी पेटीतून तो तेथे सोडला गेला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. त्या परक्या समुद्रात त्याला आवर घालणारा शत्रू जवळजवळ नव्हता आणि तेथील लहान माशांना त्याची ओळख नव्हती. पाहता पाहता तो कॅरिबियन समुद्रातही पसरला आणि तेथील लहान माशांची संख्या त्याने ठिकठिकाणी घटवली. एका पेटीतील अडचण टाळण्यासाठी सोडलेला मासा साऱ्या समुद्राची अडचण होऊन बसला.

फायरफिश गेल्यावर त्या घरातील मुलांनी निळ्या डॅमसेलला शिक्षा करायचे ठरवले होते. त्याऐवजी त्यांनी त्याला काही दिवसांसाठी वेगळ्या पेटीत हलवले, एका टेकडीच्या दोन टेकड्या केल्या, बिळे वाढवली आणि पेटीवर जाळी बसवली, तर काय होईल? काही महिन्यांनी दुसरा फायरफिश येईल. तो आधी डबीत राहील, मग हलकेच बाहेर येईल आणि दूरच्या टेकडीखाली वाळूत आपले बीळ शोधील. डॅमसेल परत येईल, एकदोनदा त्याच्या अंगावर धावून जाईल, पण फायरफिश बिळात शिरताच मागे फिरेल. समुद्रात होते तसेच हे भांडण थोडक्यात मिटेल.

सायंकाळी पाहुणा पुन्हा पेटीसमोर थांबेल आणि म्हणेल, "किती शांत आहे हे जग!" त्या शांततेमागे कोणाचे किती निरीक्षण आहे, हे त्याला दिसणार नाही. ते मुलांना मात्र ठाऊक असेल. ज्याला कोंडून ठेवले, त्याच्यासाठी जागा, अन्न आणि आडोसा यांची तरतूद करणे, हे कोंडणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. मग तो पेटीतला मासा असो, पिंजऱ्यातला पोपट असो की दावणीचे जनावर.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) फायरफिशने पेटीबाहेर उडी का घेतली?
(आ) सार्जंट मेजर मासा कशाची राखण करतो?
(इ) क्लाऊनफिशची जोडी निवडताना कोणती काळजी घ्यावी?

२. टिनबर्गनने केलेला प्रयोग आपल्या शब्दांत सांगा. त्यावरून कोणती गोष्ट सिद्ध होते?

३. कारणे द्या :
(अ) समुद्रातील भांडण लवकर मिटते, पण पेटीतील भांडण मिटत नाही.
(आ) नवा मासा सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलावी.
(इ) पाळलेला मासा समुद्रात सोडू नये.

४. 'दोष त्या निळ्या माशाचा नाही,' असे पाठात का म्हटले आहे? तुम्हांला हा निवाडा पटतो काय? आठदहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून ते वाक्यांत योजा :
अंग चोरणे, थारा मिळणे, तुटून पडणे, जिवावर बेतणे, ताठा उतरणे.

६. घरात किंवा शेजारी पाळलेल्या एखाद्या प्राण्याचे आठवडाभर निरीक्षण करा. तो कोणती जागा आपली मानतो, ती कशी राखतो, हे वहीत टिपून ठेवा.